बंद ट्रॅक्टरचा भाव

मी संशयी बाई आहे. हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे आणि मलाही त्यात काही कमीपणा वाटत नाही. माझे वडील बैलांचे पारखी होते. आसपासच्या गावांत कुणाला जोडी घ्यायची असली की लोक त्यांना बाजारात सोबत नेत. ते म्हणायचे, बैल धुऊन-पुसून आणलेला दिसला की आधी विचारावं, आजच काहून धुतला? हा प्रश्न मी त्यांच्याकडून उचलला आणि भाजीवाल्यापासून व्याह्यांपर्यंत सगळ्यांना लावला. त्यात माझं फारसं नुकसान झालेलं नाही. आमचे हे नेमके उलटे. कुणी हसून बोललं की यांचा विश्वास बसतो, आणि त्यानं वर चहा पाजला तर मग विचारायलाच नको.

त्यामुळे यांनी मोबाइल माझ्यापुढे धरून "पाय, कसा उभा हाये" म्हटलं, तेव्हा मला त्या ट्रॅक्टरची चमकच आधी खुपली. बार्शीटाकळीकडच्या एका गावातला व्हिडिओ होता. जुना ट्रॅक्टर, पत्र्याच्या शेडमध्ये उभा, पण बोनटवर धुळीचा कण नाही. खाली लिहिलं होतं, इंजिन ओके, फक्त बॅटरी नाही. बंद ट्रॅक्टर विकणारा प्रत्येक माणूस हेच लिहितो. इंजिन गेलंय असं लिहिणारा मला अजून भेटायचा आहे.

"हा धुतला काहून?" मी विचारलं.

"विकाचा हाये म्हणून धुतला. पोरगी पाहाले गेल्यावर ते काय तोंड न धुता समोर येते?"

यांच्या अशा बोलण्याला उत्तर देत बसलं तर संध्याकाळ जाते, म्हणून मी गप्प बसले. पण ट्रॅक्टरची गरज मलाही होतीच. आमचं वावर नांदगाव खंडेश्वरजवळ, सगळी काळी जमीन. लंपीच्या साथीत जोडीतला एक बैल गेला आणि एकट्या बैलाचं काय करणार म्हणून दुसराही विकला. तेव्हापासून भाड्याच्या ट्रॅक्टरवर पेरणी. काळ्या जमिनीचा वाफसा फार थांबत नाही. पाऊस झाल्यावर माती पेरायला साधते ते मोजके दिवस असतात. ते हुकले की चिखल, नाहीतर ढेकळं. आणि भाड्याचा ट्रॅक्टरवाला आधी आपल्या भावकीचं पेरायचा, मग ज्यांच्याशी गोडीगुलाबी त्यांचं, आणि उरलं तर आमचं. मी त्याच्याशी एकदा डिझेलच्या मापावरून भांडले होते. ते भांडण तो आमच्या वाफशावर वसूल करत होता. दोन हंगाम आमचं सोयाबीन सगळ्यांच्या मागून उगवलं आणि काढणीच्या वेळी पावसात सापडलं. यंदा तूर बरी झाली होती. त्या पैशात चालता ट्रॅक्टर येणं शक्य नव्हतं. बंद घेऊन दुरुस्त करणं तेवढं जमत होतं. पण इंजिन आतून फुटलेलं निघालं, तर तूरही गेली आणि ट्रॅक्टरही नाही, पुन्हा त्याच माणसाच्या दारात उभं राहायचं. मला रात्री झोप लागत नसे ती याच्यामुळे.

मिस्त्री सोबत न्यायचा नाही, हे मी ठरवलं. मिस्त्री घेणाऱ्याकडून पाहण्याचे घेतो आणि विकणाऱ्याकडून न पाहण्याचे. त्यापेक्षा मी रोज दुपारी मोबाइलवर बंद ट्रॅक्टर कसा तपासावा याचे व्हिडिओ पाहिले, आणि त्या व्हिडिओवाल्यांवरही निम्माच विश्वास ठेवला. मग पिशवीत पाने, पांढरं फडकं आणि टॉर्च भरून एका सकाळी आम्ही बडनेऱ्याहून गाडीनं अकोल्याला आणि तिथून एसटीनं बार्शीटाकळीला गेलो. उन्हाळा होता. ज्यानं व्हिडिओ टाकला होता तो माणूस स्टँडवर मोटरसायकल घेऊन उभा होता, यांच्यासाठी शेजाऱ्यालाही त्याची मोटरसायकल घेऊन आणलेलं. एवढी सोय पाहून माझा संशय आणखी वाढला.

हा माणूस अकोल्यात नोकरी करायचा. जमीन बटईनं, पिकाच्या वाट्यावर, दिलेली, गावात फक्त त्याचे वडील राहात. ते म्हातारबाबा शेडच्या तोंडाशी बाजेवर बसलेले होते. अंगात बंडी, खांद्यावर दुपट्टा. मी "राम राम बाबाजी" म्हटलं तर त्यांनी मान हलवली आणि नजर पुन्हा ट्रॅक्टरकडे वळवली. आम्ही तिथं होतो तोवर ती नजर ट्रॅक्टरवरून फारशी हलली नाही. विकणाऱ्याची नजर घेणाऱ्याच्या तोंडाकडे असते. ही भलतीकडे होती, म्हणून मी ते मनात नोंदवून ठेवलं.

चहा आला. यांनी पिऊन टाकला. मी माझा कप शेडच्या खांबापाशी ठेवला आणि सुरुवात केली.

आरसी बुकातला चेसिस नंबर ट्रॅक्टरवरच्या नंबराशी जुळला. बँकेचं कर्ज फिटल्याचा कागद होता. टायरांना बारीक भेगा होत्या, पण मागचा धुरा विटांवर चढवून चाकं जमिनीपासून उचललेली. असं कोण करतं? एकतर ज्याचा त्या मशीनवर जीव आहे तो, नाहीतर ज्याला टायर वेगळे विकायचे आहेत तो. मी दुसरं धरून चालले. मागे, नांगर-ट्रॉली जोडायच्या हुकापाशी, लोखंडावर पिवळट लेप दिसला. आली पुट्टी, म्हटलं, तडा बुजवलाय. नखानं खरवडलं तर तो मऊ निघाला. वास घेतला. तूप आणि हळद.

"हे काय हाये?" मी त्या मुलाला विचारलं.

"पूजेचं असन," तो म्हणाला. "बाबा करत राह्यते काहीबाही."

मी हुकाचा तो भाग फडक्यानं पुसून पाहिला. खाली तडा नव्हता. रेडिएटरचं झाकण उघडलं, बोट बुडवलं, पाणी गढूळ होतं पण वर तेलाचा तवंग नव्हता. म्हणजे पाणी आणि तेल एकमेकांत गेलेलं नाही, ब्लॉक बहुतेक शाबूत. मला बरं वाटायला लागलं, आणि बरं वाटायला लागलं की मी जास्त सावध होते.

"बंद काहून पडला?" मी विचारलं.

"डिझेल पंप खराब झाल्ता. काढून अकोल्याले रिपेरिंगले देल्ता. मंग माही बदली झाली, वावर बटईनं देल्लं, पंप तसाच घरी येऊन पडला. कोनं बसवावं?"

"बस एवढंच?" हे म्हणाले. यांचा चेहरा उजळलेला पाहून मी यांच्या पायावर पाय दिला.

मग मी इंजिन ऑइलची पट्टी ओढली. ती निघेना. पिळून, हलवून ओढली तेव्हा गूळ चिकटावा तशी चिकटत बाहेर आली. पट्टीवर ऑइल नव्हतंच. पिवळ्या-तांबड्या रंगाचा चिकट थर होता, तार धरणारा.

"जुनं झालं का ऑइल असंच होते," तो मुलगा म्हणाला.

"होते ना," हे म्हणाले. यांना काय माहीत, कुणास ठाऊक.

जुनं ऑइल काळं होतं. पाणी मिसळलं तर दुधाळ होतं. चिकट पाक कशानंच होत नाही. मला व्हिडिओतला एक इसम आठवला. ठोके मारणाऱ्या इंजिनात जाड ऑइल ओतून आवाज दाबतात, असं तो सांगत होता. सापडला चोर, मी मनात म्हटलं. पण लगेच अडखळले, कारण बंद ट्रॅक्टरचा आवाज दाबून कुणाला काय मिळणार? ही लबाडी मला कुठूनच जुळवता येईना, आणि न जुळणारी लबाडी मला सर्वांत जास्त छळते.

पुढच्या पुलीच्या नटाला पाना लावून यांनी जोर केला. इंजिन तसूभर फिरलं नाही. पाइप घालून दांडा लांब केला, दोघांनी मिळून जोर लावला. जाम. त्या मुलाचा चेहरा उतरला.

"असं कसं? मांगच्या पोळ्यापोतर तं फिरत होता," तो म्हणाला.

"पोळ्याले कोन फिरवलं?" मी विचारलं.

तो बोलायच्या आधी बाजेवरून आवाज आला. "मी फिरवतो."

तोवर एक शब्द न बोललेले म्हातारबाबा बोलत होते. त्यांना विचारावं लागलं नाही. बैल गेले, गोठा रिकामा झाला, दावणीला उरला तो हा. मग पोळा कुणाचा करणार? पोळ्याच्या आदल्या दिवशी ते याचेच खांदे शेकत. बैलाचा भार खांद्यावर, याचा हुकावर, म्हणून तूप-हळद हुकाला. पळसाच्या पानानं चोळायची. मग आवतन द्यायचं, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. दुसऱ्या दिवशी धुवायचा, कुंकू लावायचं, पुरणपोळीचा नैवेद्य दाखवायचा, आणि अंग मोकळं राहावं म्हणून पान्यानं इंजिन थोडं फिरवायचं.

"अन् तेल पाजतो," ते म्हणाले. "बैलाले पाजत होतो तसं. जवसाचं. घानीवरचं, भेसळीचं नाई."

"कुठून पाजता?" माझा आवाज माझ्याच कानाला बारीक लागला.

"त्याचं तोंड हाये ना वर, तितून. नळ्यानं. एकबी पोळा मी त्याले उपाशी ठेवलं नाई."

मी हातातली पट्टी नाकाशी नेली. इतका वेळ तो वास ओळखीचा वाटत होता आणि मी त्याला मशीनच्या वासांमध्ये शोधत होते. तो माझ्या स्वयंपाकघरातला होता. जवसाची चटणी उघडी राहून खवट झाली की येतो तो. जवसाचं तेल हवेवर राहिलं की आधी चिकटतं, मग वाळून घट्ट होतं, हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. वडील वखराच्या दांडीला तेच तेल चोळत, आणि वाळलं की लाकडावर काच बसवल्यासारखं दिसे.

मुलालाही कळलं. तो आधी पांढरा पडला आणि मग तापला. "बाबा, तुमी इंजनात तेल ओतलं? जवसाचं? इतके वर्ष?" मग आमच्यासमोरच म्हणाला, "तुमीच मारला त्याले." आणि यांच्याकडे वळून, "जाऊ द्या भाऊ, तुमाले काय फसवाचं नाई मले. भंगारवाल्याले वजनावर देऊन टाकतो. तुमाले पायजे असन तं त्याच भावात न्या."

म्हातारबाबांनी दुपट्टा खांद्यावरून काढला, मांडीवर ठेवला आणि त्याची घडी करत बसले. मला त्या मुलाचा भयंकर राग आला. खरं तर तो मला स्वस्तात ट्रॅक्टर देत होता, तरी राग आला.

मी टॉर्च घेऊन पुन्हा इंजिनाशी गेले. वरचं टॅपेट कव्हर उघडलं. आत सगळ्यावर तोच तांबूस थर, पाकातल्या चिरोट्यांवर असतो तसा. मी नखानं एका जागी खरवडलं. खाली लोखंड चकचकीत होतं. दुसरीकडे खरवडलं, तिथंही. गंजाचा ठिपका नाही. पट्टीचं टोक पुसलं, तेही नव्यासारखं. इतकी वर्षं बंद पडलेलं इंजिन आतून गंजून एकजीव होतं, ते खरं भंगार. हे गंजानं धरलेलं नव्हतं, तेलानं धरलेलं होतं. उघडून, डिझेलमध्ये भिजवून, खरवडून ते सुटण्यासारखं होतं. म्हाताऱ्याच्या वेडेपणानं इंजिन जाम केलं होतं आणि त्याच वेडेपणानं गंजापासून राखलं होतं.

आता मला गप्प बसायला हवं होतं. भंगाराचा भाव समोर होता. वडील असते तर त्यांनी डोळ्यांनीच मला गप्प केलं असतं. पण ते दुपट्ट्याची घडी करणारे हात मला बघवेनात.

"मारला नाई त्याइनं," मी म्हटलं. "आतून गंज नाई एवढासा. तेल होतं म्हनून वाचला. खोलून धुतला तं चालन."

आमचे हे माझ्याकडे बघतच राहिले. मी सौद्याच्या ऐन वेळी विकणाऱ्याच्या मालाची स्तुती केली होती.

आणि म्हातारबाबांनी माझ्यावर विश्वास ठेवला नाही. त्यांनी मान वर केली, डोळे बारीक केले आणि माझ्याकडे तसं पाहिलं, जसं मी सगळ्यांकडे पाहते. "पोरी, मले बरं वाटावं म्हनून बोलून राहिली तू."

"नाई जी, खरं हाये."

"खरं असन तं भाव कर. भंगाराचा भाव करशीन तं तू खोटी. ट्रॅक्टरचा करशीन तं खरी."

त्यांनी दुपट्टा उजव्या हातावर टाकला आणि हात पुढे केला. यांच्याकडे. बैलबाजारात पूर्वी असेच सौदे होत. कापडाखाली बोटं धरायची, दाबायची, भाव बाकी कुणाला कळत नसे. यांना त्यातलं ओ की ठो कळत नाही. मला येत होतं. वडिलांनी लहानपणी घरी मला शिकवलं होतं, आईच्या पदराखाली, गंमत म्हणून. बाईमाणसानं बाजारात असा हात घातलेला मी कधी पाहिला नव्हता. मी पुढे झाले आणि दुपट्ट्याखाली हात घातला. म्हातारबाबा क्षणभर थांबले, पण त्यांनी हात मागे घेतला नाही.

त्या कापडाखाली मला मनापासून भीती वाटली. हे सगळं ठरवून केलेलं असलं तर? बापाचं तेल, लेकाचा राग, मांडीवरचा दुपट्टा? अशी जोडी जमवून लोक बाहेरगावच्या शहाण्यांना गंडवतात. यंदाची तूर माझ्या त्या बोटांत होती, आणि पुढच्या पेरणीचा वाफसाही. मी त्यांच्या हातानं आधी बोटं धरायची वाट पाहिली. विकणारा आधी धरतो आणि चढाच धरतो. त्यांनी काहीच धरलं नाही. हात तसाच मोकळा ठेवला, तळवा वर करून. ते भाव मागतच नव्हते, त्यांना फक्त माझं उत्तर हवं होतं. आणि नखाखालचं चकचकीत लोखंड तर कुणाला ठरवून करता येत नाही.

मी घरून मनात धरून आलेला भाव बाजूला ठेवला. बोटं धरली. मग आणखी एक धरलं.

म्हातारबाबांनी दुपट्टा काढला. "मंग जिता हाये," ते म्हणाले.

"कितीत झाला?" मुलानं विचारलं.

"ट्रॅक्टरच्या भावात."

परतीच्या गाडीत हे मूर्तिजापूरपर्यंत गालात हसत होते. पैसे गेले, आता मी वेडी ठरणार की काय, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

पुढचे दिवस वाईट गेले. ट्रॅक्टर ट्रकवर आला, गावातले लोक जमले, भाड्याचा ट्रॅक्टरवालाही हसायला आला. मिस्त्रीनं इंजिन खोललं आणि मी खुर्ची टाकून त्याच्यासमोर बसले, रोज. त्यानं एकही चांगला भाग बदलून नेऊ नये म्हणून. सुटे भाग डिझेलच्या टाकीत भिजले, घासले गेले, काही रिंगा आणि बेअरिंगा नव्या पडल्या, तुरीतले उरलेलेही संपले. मृग लागायच्या आधी पंप बसला, बॅटरी आली, आणि यांनी चावी फिरवली. आधी नुसता खोकला. मग पांढरा धूर, आणि अख्ख्या गल्लीत खमंग वास सुटला, कुणीतरी जवस भाजायला घेतल्यासारखा. मग इंजिनानं सूर धरला. मी तिथंच, सगळ्यांसमोर रडले. भाड्याच्या ट्रॅक्टरवाल्यासमोर रडले याचं अजूनही वाईट वाटतं.

त्याच पावली मी मुलाच्या नंबरावर फोन लावला. तो रविवारचा गावी आलेला होता. म्हातारबाबांना फोन द्यायला सांगितला आणि मोबाइल इंजिनापाशी धरला.

"आयकू येते का बाबाजी?"

ते म्हणाले, "हा माहा नाई. कोनाचा बी ट्रॅक्टर आयकवून राहिली तू मले."

मला इतका संताप आला की काय सांगू. उभ्या जन्मात मी सगळ्यांवर संशय घेतला, पण माझ्यावर कुणी घेतला की कसं वाटतं ते मला या म्हाताऱ्यानं दुसऱ्यांदा दाखवलं.

"मी काहून खोटं बोलीन?"

"थांब. त्याले जोरात रेस दे म्हन. अन् मंग एकदम सोड म्हन."

मी यांना ओरडून सांगितलं. यांनी रेस दिली आणि सोडली. इंजिन खाली आलं, एक ठोका चुकला, अडखळलं, बंद पडतं की काय असं वाटलं, आणि पुन्हा धरलं. मिस्त्रीनं कपाळाला आठ्या घातल्या.

"हाच हाये," म्हातारबाबा म्हणाले. "तसाच अडखळते. नवा होता तवापासून. किती मिस्त्री झाले, कोनाले सापडलं नाई."

मी डोळे पुसत होते, पण वडिलांची मुलगी होते.

"बाबाजी," मी म्हटलं, "हे तुमी सौद्याच्या टायमाले नाई सांगतलं मले."

"तुनं कुठं इचारलं?" ते म्हणाले.